ऐतिहासिक बाहुल्या व बाहुलीघरे

एखाद्या विशिष्ट काळातील माणसांचा पेहराव, केशरचना, दागदागिने आणि गृहजीवन यांचे लहान प्रमाणावर दर्शन घडविणाऱ्या बाहुल्या, तसेच त्यांच्याबरोबरचे कपडे, भांडीकुंडी, फर्निचर व घरे यांचा या संज्ञेत अंतर्भाव होतो. संग्रहाच्या दृष्टीने यांचे दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारातील बाहुल्या आपापल्या काळातच, त्या काळच्या रीतीने तयार झालेल्या असतात आणि केवळ कालांतराने त्यांस ऐतिहासिक मूल्य प्राप्त होते. दुसऱ्या प्रकारातील बाहुल्या होऊन गेलेल्या काळाचे चित्र उभे करण्यासाठी हेतुपुरस्सर बनविलेल्या असतात. पहिल्या प्रकारातील बाहुली ही त्या काळाची साक्षीदार होय, तर दुसरी ही त्या काळाविषयी नंतरच्या लोकांनी केलेली मांडणी होय. हा भेद ध्यानात ठेवल्यास या संग्रहांपासून इतिहासाभ्यासकाला काय मिळते आणि काय मिळत नाही, हे नीट समजते.

राजवाडे, शस्त्रे, नाणी व शिलालेख टिकून राहतात. रोजच्या वापरातील परकर, मोजे, पलंगावरील चादरी, स्वयंपाकघरातील केरसुणी वा टोपल्या मात्र वापरून झिजतात आणि टाकून दिल्या जातात. त्यामुळे गृहजीवनाचा, विशेषतः स्त्रियांच्या श्रमांचा व कौशल्याचा, प्रत्यक्ष पुरावा फारच थोडा उरतो. बाहुलीचे कपडे कोणी वापरून झिजवीत नाही व तिच्या चुलीवर खरोखर स्वयंपाक होत नाही. म्हणूनच मूळ वस्तू नष्ट झाल्यावरही तिची लहान प्रतिकृती पुष्कळदा शिल्लक राहिली. ऐतिहासिक बाहुल्यांच्या संग्रहाचे महत्त्व मुख्यतः यात आहे.

प्राचीन पार्श्वभूमी : मृतासोबत लहान आकृत्या व प्रतिकृती ठेवण्याची चाल प्राचीन ईजिप्तमध्ये होती. थीब्झ येथील मेकेत्रे नामक अधिकाऱ्याच्या थडग्यात १९२० मध्ये सापडलेल्या लाकडी प्रतिकृतींत (इ. स. पू. सु. २०००) धान्याचे कोठार, भट्टी, विणकामाची जागा व तेथे काम करणारी माणसे दिसतात. या वस्तू खेळण्यासाठी नव्हत्या. परंतु सामान्य श्रमिकांच्या कामाची माहिती त्यांतून जितकी मिळते, तितकी राजांच्या भव्य पुतळ्यांतून मिळत नाही. रोममध्ये १८८९ साली क्रेपेरेया त्रिफाएना या तरुणीच्या शवपेटिकेत हस्तिदंती बाहुली मिळाली. इ. स. दुसऱ्या शतकातील या बाहुलीचे हातपाय सांध्यांत हलतात व तिचे केस तत्कालीन रोमन स्त्रियांच्या पद्धतीने बांधलेले आहेत. तिच्याबरोबर तिच्या मापाच्या काही चिमुकल्या वस्तूही होत्या. बाहुलीसोबत तिचे सामान जपण्याची वृत्ती किती जुनी आहे, हे यावरून दिसून येते.

जर्मन व डच बाहुलीघरे : यूरोपातील बाहुलीघराचा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख बव्हेरियाचा ड्यूक पाचवा आल्ब्रेख्त याने १५५७-५८ च्या सुमारास म्यूनिक येथे करवून घेतलेल्या घराचा आहे. ते घर १६७४ च्या आगीत नष्ट झाले असे मानतात. १५९८ मध्ये तयार झालेल्या दरबारी संग्रहाच्या सूचीमुळेच त्याची माहिती आज उपलब्ध आहे. संग्रहातील वस्तूंची नोंद ठेवणे किती आवश्यक असते, याचे हे आद्य उदाहरण होय. न्यूरेंबर्ग हे पुढे बाहुल्या व बाहुलीघरे यांचे मोठे केंद्र बनले. तेथील जर्मन राष्ट्रीय संग्रहालयात १६११ चे व १६३९ चे अशी दोन प्रसिद्ध घरे आहेत. त्यांच्या स्वयंपाकघरांत कथिलाची व तांब्याची भांडी फळ्यांवर ओळीने मांडलेली आढळतात. न्यूरेंबर्गच्याच आन्ना क्योफर्लिन या स्त्रीने १६३१ मध्ये आपले बाहुलीघर लोकांना पाहण्यासाठी खुले केले व त्याची छापील जाहिरात काढली. मुलांनी ते लक्षपूर्वक पाहावे व घर कसे चालवावे हे शिकावे, असा तिचा उद्देश होता. ते घर आज उपलब्ध नाही; पण बाहुलीघराकडे शिक्षणाचे साधन म्हणून पाहण्याच्या कल्पनेचा आरंभ तेथे दिसतो.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात नेदर्लंड्समधील श्रीमंत व्यापारी कुटुंबांतील स्त्रियांनी मोठ्या कपाटांत रचलेली बाहुलीघरे तयार करविली. ती मुलांची खेळणी नसून गृहस्वामिनींचे संग्रह होते. त्यांचे पुरुष शंखशिंपले, नाणी व दुर्मिळ वस्तू कपाटांत जमवीत. स्त्रियांनी त्याच पद्धतीने आपले घरच कपाटात जमविले. यांपैकी पेट्रोनेला दुन्वा हिचे घर (सु. १६७६) व पेट्रोनेला ओर्टमन हिचे घर (सु. १६८६–१७१०) अ‍ॅम्स्टरडॅमच्या राइक्सम्यूझियममध्ये, तर पेट्रोनेला द ला कूर हिचे घर उत्रेख्त येथील सेंट्रल संग्रहालयात आहे. ओर्टमन ही रेशमाच्या व्यापाऱ्याची पत्नी होती. कासवाच्या पाठीचे जडावकाम असलेल्या तिच्या कपाटावर व त्यातील सामानावर २०,००० ते ३०,००० गिल्डर खर्च झाल्याचे सांगतात. एवढ्या रकमेत त्या काळी कालव्याकाठी खरे घर विकत घेता आले असते. त्यातील वस्तू हुबेहूब मूळ द्रव्यांच्याच आहेत. चिनी मातीची भांडी खरोखरच पूर्वेकडून आणविलेली असून टोपल्या विणणारे, चांदीकाम करणारे, चित्रकार अशा निरनिराळ्या कारागिरांनी आपापले काम लहान मापात केलेले आहे.

या डच घरांत दिवाणखान्याइतकेच महत्त्व कपडे वाळविण्याच्या व घड्या घालण्याच्या खोलीला, बाळंतिणीच्या खोलीला आणि स्वयंपाकघराला दिलेले दिसते. दुन्वा हिच्या घरात जळणाचे पीट साठविण्याचा माळाही आहे. चादरी किती असत, त्या कशा रचून ठेवीत, बाळंतिणीच्या भेटीस येणाऱ्यांसाठी खोली कशी सजवीत यांची माहिती तत्कालीन कागदपत्रांत सहसा एकत्र सापडत नाही. येथे ती एका दृष्टिक्षेपात मिळते. याकॉप आपेल या चित्रकाराने सु. १७१० मध्ये ओर्टमन हिच्या घराचे चित्र काढले. त्यात दिसणाऱ्या मेणाच्या बाहुल्या आता जवळजवळ सर्व नाहीशा झाल्या आहेत. लाकूड, धातू व चिनी माती टिकली. माणसे मात्र गेली.

डच संग्राहकांपैकी सारा रोते (१६९९–१७५१) हिचे कार्य विशेष उल्लेखनीय आहे. १७४३ मध्ये तिने तीन जुनी बाहुलीघरे लिलावात विकत घेतली व त्यांतील सामानातून दोन नवी घरे रचविली. ती हार्लेम व द हेग येथील संग्रहालयांत आहेत. कोणती वस्तू जुन्या घरातून आली, कोणती नव्याने करविली व त्यासाठी किती खर्च आला, यांची टिपणे तिने ठेवली. तिने जुनी घरे मोडली, हे आजच्या जतनशास्त्राच्या कसोटीस उतरणारे नाही. परंतु तिच्या टिपणांमुळे त्या वस्तूंचा मागोवा घेता येतो.

जर्मनीतील आर्नश्टाट येथील ‘मॉन प्लेझिर’ हा संग्रह याहून निराळा आहे. श्वार्ट्‌सबुर्क-आर्नश्टाटची राजकन्या-विधवा औगुस्टा डोरोतेआ (१६६६–१७५१) हिने अनेक वर्षे खपून उभारलेल्या या छोट्या नगरात सु. ८० खोल्या व सु. ४०० बाहुल्या आहेत. राजदरबाराबरोबरच बाजार, औषधांचे दुकान, कारागिरांची कामाची ठिकाणे व जोगिणींचा मठ त्यात दाखविलेला आहे. तत्कालीन नगरजीवनाचा असा समग्र आढावा घेणारे बाहुल्यांचे दुसरे उदाहरण क्वचितच सापडते.

वेशभूषेच्या बाहुल्या : नव्या धर्तीचे कपडे परदेशी दरबारांना दाखविण्यासाठी बाहुल्या पाठविण्याची पद्धत फ्रान्समध्ये चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून आढळते. अठराव्या शतकात पॅरिसहून पाठविल्या जाणाऱ्या अशा बाहुल्यांवरून इतर देशांतील शिंपी कपडे बेतीत. त्या शतकाच्या अखेरीस वेशभूषेची छापील चित्रे स्वस्त झाली व या बाहुल्यांचे काम संपले. छापील चित्रात कपडा वरून कसा दिसतो एवढेच समजते; बाहुलीच्या अंगावरचा कपडा उतरवून त्याचा कापही पाहता येतो.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अ‍ॅल्बर्ट संग्रहालयातील ‘लॉर्ड व लेडी क्लॅपम’ या नावाने ओळखली जाणारी लाकडी जोडी (सु. १६९०–१७००). त्यांच्याबरोबर त्यांच्या बसण्याच्या खुर्च्याही आहेत. ही जोडी परदेशी जाणार होती. ते टाळून १९७४ मध्ये संग्रहालयाने ती मिळविली. दोघांचेही बाहेर जाण्याचे व घरातील असे दोन्ही वेष उपलब्ध असून आतले कपडेही पूर्ण आहेत. त्यामुळे त्या काळी कोणत्या कपड्यावर कोणता कपडा चढवीत व तो कशाने बांधीत, हे निश्चितपणे सांगता येते. घरात वापरावयाच्या सैलसर अंगरख्यास इंग्रजीत ‘बन्यान’ म्हणत. हे नाव पश्चिम भारतातील वाणी या शब्दावरून पोर्तुगीजांमार्फत तिकडे गेले. मराठीत हल्ली आतल्या सदऱ्यास रूढ असलेला ‘बनियन’ हा शब्द त्याच कुळातील आहे.

इंग्लंडमधील पॉवेल घराण्यात लेटिशिया क्लार्क (विवाहोत्तर पॉवेल) हिने १७५४ पासून त्या त्या वर्षीच्या पद्धतीचे कपडे शिवून बाहुल्या सजविण्यास आरंभ केला व तिच्या वंशजांनी ही प्रथा विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत चालू ठेवली. पुढील पिढ्यांसाठी जाणीवपूर्वक जपलेली ही कौटुंबिक बखरच म्हणता येईल. राजकन्या असताना व्हिक्टोरियाने आपली शिक्षिका लेत्सेन हिच्या साहाय्याने १८३१ ते १८३३ च्या दरम्यान १३२ लहान लाकडी बाहुल्यांचा संग्रह केला. त्यांतील पुष्कळशा तत्कालीन संगीतिका व नृत्यनाट्यांतील पात्रांच्या असून ३२ बाहुल्यांचे कपडे तिने स्वतः शिवले होते.

जपानमधील हिना बाहुल्या : प्राचीन वेषातील बाहुल्या व त्यांचे साहित्य मांडण्याची सर्वांत सुसंघटित परंपरा जपानमध्ये आढळते. ३ मार्च रोजी मुलींसाठी साजऱ्या होणाऱ्या हिनामात्सुरी या सणात पायऱ्यापायऱ्यांच्या मांडणीवर सम्राट, सम्राज्ञी, दासी, वादक इत्यादींच्या बाहुल्या ठेवतात. त्यांचा वेष हेआन काळातील (७९४–११८५) दरबाराचा असतो. मांडणी मात्र एडो काळात (१६०३–१८६८) विकसित झाली. म्हणजे या बाहुल्या आपल्या काळाचे नव्हे, तर कैक शतकांपूर्वीच्या आदर्श काळाचे चित्र दाखवीत आल्या. त्यांच्याबरोबर लाखेचे रोगण दिलेल्या पेट्या, आरसे, पालख्या व जेवणाची पात्रे असतात. अठराव्या शतकात शासनाने काटकसरीचे नियम करून बाहुल्यांच्या उंचीवर व थाटमाटावर बंधने घातली. त्याचा परिणाम असा झाला, की कारागिरांनी अत्यंत चिमुकल्या बाहुल्या व त्यांहून चिमुकले साहित्य बनविण्यात प्रावीण्य मिळविले.

एकोणिसावे व विसावे शतक : एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर फ्रान्समध्ये ह्यूरे, झ्यूमो इ. निर्मात्यांनी झिलई नसलेल्या चिनी मातीच्या, म्हणजे ‘बिस्क’च्या, मुखवट्याच्या बाहुल्या प्रसिद्धीस आणल्या. त्यांच्यासोबत पेटाराभर कपडे, टोप्या, हातमोजे, छत्र्या व लेखनसाहित्य विकत मिळे. जर्मनीतील थुरिंजिया प्रांतात, विशेषतः झोनेबेर्ख येथे, घरगुती उद्योगातून बाहुल्यांची निर्यात मोठ्या प्रमाणावर होऊ लागली. १९०५ मध्ये फ्रान्समधील ला सेमॅन द स्यूझेत या मुलींच्या साप्ताहिकाने ‘ब्लूएत’ ही बाहुली आणली व तिच्या कपड्यांचे कापण्याचे नमुने अंकांतून छापले. १९६० पर्यंत चाललेल्या या उपक्रमामुळे अर्ध्याहून अधिक शतकातील फ्रेंच मुलींच्या पोषाखातील बदल क्रमाने पाहता येतो.

विसाव्या शतकात मागील काळाकडे वळून पाहणारी कामे वाढली. राणी मेरीसाठी बांधलेले बाहुलीघर (१९२१–२४) हे वास्तुशिल्पज्ञ एडविन लट्येन्स याने आखले. नवी दिल्लीच्या उभारणीत गुंतलेला असतानाच त्याने हे काम केले. एक फुटास एक इंच या प्रमाणावर रचलेल्या या घरात वीज, वाहते पाणी व चालते उद्‍वाहक असून ग्रंथालयातील पुस्तकांसाठी नामवंत लेखकांनी स्वहस्ते मजकूर लिहून दिला. १९२४ मध्ये वेंब्ली येथील साम्राज्य प्रदर्शनात ते दाखविण्यात आले व नंतर विंझर किल्ल्यात ठेवण्यात आले. अमेरिकेत नार्सिसा थॉर्न हिने १९३२ ते १९४० या काळात कुशल कारागिरांकडून याच प्रमाणावर यूरोपीय व अमेरिकन घरांच्या अंतर्भागांच्या प्रतिकृती करविल्या. त्यांपैकी ६८ खोल्या शिकागोच्या कलासंस्थेत आहेत. त्यांत माणसे नाहीत. मात्र नुकतेच कोणी उठून गेले असावे, अशा रीतीने वस्तू ठेवलेल्या आहेत.

बाहुलीघरांच्या शास्त्रशुद्ध अभ्यासाचा पाया घालण्याचे श्रेय बव्हंशी इंग्लंडच्या व्हिव्हिअन ग्रीन (१९०४–२००३) हिला दिले जाते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिने जुनी, मोडकळीस आलेली घरे जमविण्यास सुरुवात केली. त्या वेळी अशा घरांना कोणी फारशी किंमत देत नसे. तिचा अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील इंग्रजी बाहुलीघरांवरील ग्रंथ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील रॉचेस्टर येथील मार्गारेट वुडबरी स्ट्राँग (१८९७–१९६९) हिच्या हजारो बाहुल्यांच्या संग्रहातून १९८२ मध्ये तेथील संग्रहालय खुले झाले.

अमेरिकेतील इतिहासदर्शक बाहुल्या : १९८६ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात प्लेझंट रोलंड हिने ‘अमेरिकन गर्ल’ नावाची सु. ४६ सेंमी. उंचीच्या बाहुल्यांची मालिका सुरू केली. व्हर्जिनियातील विल्यम्सबर्ग या जतन केलेल्या वसाहतकालीन नगरास दिलेल्या भेटीतून तिला ही कल्पना सुचली. प्रत्येक बाहुली एका ठराविक वर्षातील मुलीची असून तिची कथापुस्तके, कपडे, पलंग, पेटी व जेवणाचे साहित्य तिच्यासोबत मिळे. आरंभी १८५४, १९०४ व १९४४ या वर्षांतील तीन मुली होत्या. १९९१ मध्ये १७७४ सालची फेलिसिटी ही बाहुली आली. वसाहतकालीन झग्याचा गळा खोल असल्याने बाहुलीचे पांढऱ्या कापडाचे धड उघडे पडू लागले. म्हणून ते त्वचेच्या रंगाचे करावे लागले. संग्राहक आजही या बदलावरून बाहुलीचा काळ ओळखतात.

या मालिकेतील सर्वांत महत्त्वाचा वाद १९९३ मध्ये आलेल्या अ‍ॅडी या बाहुलीवरून झाला. ती १८६४ मधील, गुलामगिरीतून निसटून फिलाडेल्फियास पोहोचलेली कृष्णवर्णी मुलगी होय. कृष्णवर्णी अभ्यासकांच्या सल्लागार मंडळाच्या मार्गदर्शनाखाली ती तयार झाली व तिच्या कथा कॉनी पोर्टर हिने लिहिल्या. मुलांच्या खेळात गुलामगिरीचा इतिहास लपवू नये, असे एका बाजूस म्हणणे होते. दास्य भोगलेल्या मुलीची प्रतिमा विकत घेण्याजोगी वस्तू व्हावी काय, आणि गोऱ्या मुलींना निरनिराळे काळ मिळत असताना कृष्णवर्णी मुलीला तेवढाच इतिहास का, असे प्रश्न दुसऱ्या बाजूने उपस्थित झाले. या ऐतिहासिक मालिकेत दुसरी कृष्णवर्णी बाहुली येण्यास २०११ साल उजाडले. २००२ मधील काया (१७६४) ही बाहुली नेझ पर्स या आदिवासी जमातीच्या सल्ल्याने घडविली गेली. दात दाखविणे त्या समाजात असभ्य मानले जात असल्याने तिचे ओठ मिटलेले ठेवण्यात आले. १९९८ मध्ये ही कंपनी मॅटेल या उद्योगसमूहाने ७० कोटी डॉलरना घेतली. मंदीच्या काळातील (१९३४) किट या मुलीची काटकसरीची कथाही २००० मध्ये महागड्या साहित्यासह विकली गेली. इतिहास सांगणे आणि सामान विकणे यांतील ताण येथे स्पष्ट दिसतो.

संग्रह, जतन व पुराव्याची मर्यादा : संग्राहक बाहुलीच्या मानेवरील वा डोक्यामागील ठसा, द्रव्य, केस, डोळे व कपडे यांवरून तिचा काळ ठरवितात. मूळ कपडे असलेल्या बाहुलीस अधिक महत्त्व असते. म्हणून जीर्ण झालेला कपडा काढून नवा शिवण्याऐवजी तो तसाच राखून, नवा कपडा केल्यास त्याची नोंद ठेवणे इष्ट मानतात. मेण उष्णतेने वितळते, सेल्युलॉइड लवकर पेट घेते, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वजन वाढविण्यासाठी धातूंच्या क्षारांत भिजविलेले रेशीम स्वतःच्या घड्यांवर तुटते. कापड मंद प्रकाशात व कोरड्या जागी ठेवतात. बाहुली, तिचे सामान व तिची माहिती यांची ताटातूट झाली, की तिचे ऐतिहासिक मूल्य बरेचसे संपते.

या पुराव्याच्या मर्यादाही आहेत. जुनी घरे बहुतेक श्रीमंतांची असून त्यांत वस्तू जशा होत्या त्यापेक्षा जशा असाव्यात तशा मांडलेल्या असतात. न्यूरेंबर्गचे स्वयंपाकघर नेहमीच लखलखीत असते. त्यात धूर नाही. मोलकरीण दाखविली, तरी तिची स्वतःची खोली क्वचितच दिसते. ती भांडी ज्या व्यापारातून आली, त्यातील माणसांचे कष्टही तेथे नाहीत. कपडे शिवणाऱ्या बहुतेक स्त्रियांची नावेही कोणी लिहून ठेवली नाहीत.

भारत : नवी दिल्ली येथे व्यंगचित्रकार के. शंकर पिळ्ळै यांनी स्थापिलेले आंतरराष्ट्रीय बाहुल्यांचे संग्रहालय १९६५ मध्ये सुरू झाले. हंगेरीच्या राजदूताने दिलेल्या एका बाहुलीपासून या संग्रहाची सुरुवात झाली व पुढे त्यात हजारो बाहुल्या जमा झाल्या. त्यांत भारतातील विविध प्रदेशांचे वेष दाखविणाऱ्या, संस्थेच्या कार्यशाळेत बनविलेल्या बाहुल्यांचा मोठा वाटा आहे. दक्षिण भारतात नवरात्रात पायऱ्यांवर बाहुल्यांची मांडणी (कोलू) करतात. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या बाहुल्यांत दरवर्षी नव्यांची भर पडते. त्यामुळे देवतांशेजारी त्या त्या काळातील माणसेही येऊन बसतात.

महाराष्ट्रात दिवाळीत मुले मातीचे किल्ले बांधतात व त्यांवर शिवाजी महाराज, मावळे, पहारेकरी यांची चित्रे मांडतात. हा ऐतिहासिक आकृतींचा सर्वांत लोकप्रिय प्रकार होय. गृहजीवनाच्या दृष्टीने मात्र भातुकलीचे महत्त्व अधिक आहे. सावंतवाडीची रंगीत लाकडी खेळणी व तांब्यापितळेची चिमुकली भांडी यांचा त्यात समावेश होतो. चूल, जाते, पाटा-वरवंटा, उखळ-मुसळ, बंब, घंगाळ, सतेले, झारा, रवी यांतील अनेक वस्तू शहरी घरांतून गेल्या. भातुकलीत त्या आकारासह व नावासह टिकल्या. बाहुला-बाहुलीच्या लग्नासाठी आईने वा आजीने शिवलेले कपडे मात्र सहसा जपले गेले नाहीत. जुन्या घरांतील माळ्यांवर व पेट्यांत असे साहित्य अजूनही सापडते. ते कोणी, केव्हा व कोणासाठी केले, याची माहिती सांगणाऱ्या व्यक्ती हयात असतानाच ती नोंदवून ठेवल्यास मराठी गृहजीवनाच्या इतिहासाचे एक विश्वसनीय साधन उपलब्ध होईल.